पडवीचे टाके

पडवी सकाळपासून गप्प होती आणि इरावती पागधरेला चहा गोड लागत नव्हता.

तळाच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारी, एक छोटा स्पीकर होता. त्यातून बर्फाचा आवाज दिवसभर ऐकू येई. करकर, मध्येच एखादा टणत्कार, आणि भरती चढू लागली की जुन्या होडीच्या फळ्या कुरकुरतात तशी लांबलचक कुरकुर. नवीन आलेल्या माणसाची त्याने झोप उडे. पुढे इतकी सवय होई की तो आवाज कानांना कळतही नसे. आज मात्र भरती चढून उतरायला लागली तरी स्पीकरने चकार शब्द काढला नव्हता.

दक्षिण ध्रुवाकडच्या त्या तळावर हिवाळ्यात मोजकीच माणसं राहत आणि त्यांचं सगळं काम या पडवीपायी होतं. जमिनीवरचा बर्फ हळूहळू उतरत किनाऱ्याशी येतो, किनारा सोडतो आणि पाण्यावर तरंगत पुढे जातो. घराला पुढून पडवी काढावी तसाच प्रकार. शास्त्रीय लेखांत तिला हिममंच म्हणत, तळावर नुसतं पडवी. ही पडवी एखाद्या जिल्ह्याएवढी होती. तरंगणारा बर्फ वितळला म्हणून समुद्र वाढत नाही, ग्लासातला बर्फ विरघळला म्हणून सरबत उतू जात नाही तसंच. पण पडवी मागच्या बर्फाला थोपवून धरते. ती गेली की मागचं सगळं घरच समुद्रात उतरायला लागणार. मग सुरूपाड्याचं काही खरं नव्हतं.

सुरूपाडा हे इरावतीचं गाव, पालघरच्या किनाऱ्यावरची कोळ्यांची वस्ती. तिथे उधाणाचं पाणी आता सुकत घातलेल्या बोंबलांच्या ओळींपर्यंत येई. सरकारने गावाला टेकडीमागे जागा देऊ केली होती आणि नारळी पौर्णिमेपर्यंत काय ते कळवायला सांगितलं होतं. इरावतीच्या वडिलांनी, दामू नाखव्यांनी, भर सभेत उठून सांगितलं, "माझी पोर दर्या शिवते. आपुन कशाला डोंगरावर चढायचा?" दामू नाखव्यांचा शब्द गावात खाली पडत नसे. पौर्णिमा उद्यावर आली होती.

दर्या शिवते हे काही अगदीच खोटं नव्हतं. तळाचे प्रमुख वामन सबनीस यांनी टाक्याची युक्ती काढली होती. बर्फात फट दिसली की तिच्यात लांब नळ्या सोडायच्या. नळ्या खालच्या पाण्यातली ऊब शोषून वरच्या हवेत सोडून देतात, फटीतलं पाणी गोठतं आणि दोन्ही कडा जुळतात. झाला टाका. शिवाय बर्फात जागोजागी काचेचा केसाएवढा धागा पुरलेला होता. त्याला सगळे कानदोरा म्हणत. त्यातून सोडलेला प्रकाश बर्फाच्या प्रत्येक थरकापाने जरासा हलतो, आणि ते हलणं म्हणजेच स्वयंपाकघरातली ती कुरकुर. गेली कित्येक वर्षं सबनीसांनी या पडवीचा एक तुकडाही समुद्राला दिला नव्हता. जगभर त्यांचं कौतुक झालं होतं, आणि ते त्यांना आवडतही होतं.

इरावतीने चहा तसाच ठेवला आणि ती यंत्रांच्या खोलीत गेली. तिने पुढच्या भागातला कानदोरा तपासला. तो धडधाकट होता, ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. मग ती एकेक पट्टा मागे सरकत गेली. पार मागे, जिथे पडवी जमिनीला सांधलेली असते तिथे, तिला आवाज सापडला. टिक्. थोड्या वेळाने पुन्हा टिक्. इतका बारीक, की स्वयंपाकघरात तो पोळी लाटण्याच्या आवाजातही बुडाला असता.

"सर, जरा येता?"

सबनीस कानटोपी सावरत आले. उंच, किडकिडीत आणि बोलायला तिरकस. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"पागधरे, शांत आहे म्हणून तक्रार करणारी तुम्ही पहिलीच. मूल रडत नाही म्हणून डॉक्टरकडे नेण्यातली गत झाली."

"रडणाऱ्या मुलाने रडणं थांबवलं तर नेतातच सर."

सबनीसांनी एक डोळा उघडला.

"भरती आली की पडवी वर उचलली जाते, ओहोटीला खाली बसते," इरावती म्हणाली. "पुढची मोठी फट होती तेव्हा तिथे ती वाकायची, कुरकुरायची. आपण ती फट घट्ट शिवली. आता फटीपुढची बर्फाची जीभ आणि मागची पडवी मिळून एकच लांब फळी झालीय. पुढे वाकायला जागा नाही, म्हणून सगळा ताण सांध्यावर जातोय. ती जीभ कधीच तुटून जायला हवी होती. आपणच तिला जाऊ दिलं नाही."

"म्हणजे माझ्या टाक्यांनी?"

"आपल्या टाक्यांनी."

"आणि उद्या पौर्णिमा," सबनीस हळूच म्हणाले.

"वर्षातलं मोठं उधाण. सांधा तेवढं सोसेल असं मला वाटत नाही. जाईल तर सगळीच जाईल. टाके उसवले तर फक्त पुढची जीभ जाईल."

"वाटत नाही म्हणजे खात्री नाही. आणि तुमचं चुकलं असेल तर? मी माझ्या हाताने तालुक्याएवढा बर्फ समुद्रात सोडून दिलेला असेल."

"चुकलं असेल तर मी सुरूपाडा बुडवलेला असेल," इरावती म्हणाली. "आमच्याकडे जाळ्यात नको तेवढा माल भरला आणि पाण्याला ओढ असली, तर जाळ्याच्या शेपटाची गाठ सोडतात. हाताशी आलेला घास समुद्राला परत. नाहीतर जाळंही जातं आणि होडीही. ती गाठ सोडताना माझ्या बापाला मी रडताना पाहिलंय सर. पण सोडायचा."

सबनीस बराच वेळ त्या टिक्-टिक्कडे कान देऊन बसले. मग त्यांनी कानटोपी काढून टेबलावर ठेवली.

"उसवा," ते म्हणाले. "पण मला ती जाताना बघायचीय."

नळ्यांचं काम उलटं फिरवायला दुपार झाली. एरवी ऊब बाहेर फेकणाऱ्या नळ्या आता कोमट पाणी खाली ढकलू लागल्या. टाके एकेक करून सुटू लागले.

दुसऱ्या दिवशी दोघं बर्फगाडीने फटीकडे गेली आणि अलीकडच्या बाजूला, बऱ्याच अंतरावरच्या उंचवट्यावर थांबली. लांब हिवाळी अंधारानंतर सूर्य नुकता परतला होता आणि क्षितिजावर रेंगाळत होता. सगळी पडवी गुलाबी झाली होती. वाऱ्याने बर्फावर कोरलेल्या लाटांच्या सावल्या निळ्या होत्या, आणि रुंदावत चाललेल्या फटीच्या आतला बर्फ असा निळा, की इरावतीला त्याला नाव देता येईना. पूर्वी ऑगस्टात समोरचा समुद्र गोठलेला असे. आता तिथे काळं पाणी हलत होतं. इतकी सुंदर गोष्ट आपण मोडतोय, असं वाटून तिला भरून आलं.

उधाण चढलं. पायांखालून घरघर गेली, वाऱ्याबरोबर थोडा बर्फाचा भुगा उडाला. दोघं कडा कोसळण्याची वाट बघत असताना पलीकडचा सगळा प्रदेश, त्यावरच्या उजेडासकट, नुसता सरकू लागला. घाटावरून होडी सुटते तितक्या निवांतपणे. मधल्या पाण्यात आकाश दिसायला लागलं.

सबनीसांनी डोळे पुसले. "बर्फ गेला डोळ्यात," ते म्हणाले. इरावतीने मान डोलावली.

गाडीतल्या स्पीकरमधून कुरकुर ऐकू आली. पडवी पुन्हा बोलायला लागली होती. इरावतीने सांध्याचा पट्टा लावला आणि श्वास रोखला. बराच वेळ काही नाही. तिला हसू फुटणार, तेवढ्यात टिक्. मग पुन्हा लांबलचक शांतता. टिक्-टिक् विरळ झाली होती, पण ती थांबली नव्हती.

"किती वर्षं मिळाली म्हणायची?" सबनीसांनी विचारलं.

"पाच असतील, पन्नास असतील. आता ऐकत राहायचं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर दामू नाखवे, डोक्याला लाल टोपी, हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. मागे ताशा कडकडत होता आणि सगळा सुरूपाडा किनाऱ्यावर उभा होता.

"काय गो बाय, जेवलीस का? सगळी थांबल्यात तुझ्यासाठी. नारळ सोडायचाय."

इरावतीने फोन समोर धरला. दूर जाणारा गुलाबी बर्फ तिने त्यांना दाखवला.

"ता काय हाय?"

"पडवीचा तुकडा, बाबा. मी सोडला. जाळ्याची गाठ सोडतोस ना, तसा."

नाखव्यांनी हात वर केला. मागचा ताशा थांबला.

"मग बाकीचा जाळा वाचला ना?"

"आज वाचलं. पुढचं मला ठाऊक नाय. तू माझ्या नावाने सभेत शब्द दिलास, तो मागे घे. टेकडीमागची जागा घ्या. मी शिवीन तेवढं शिवीन, पण त्याच्या भरवशावर माणसं ठेवू नको."

तिला वाटलं, बाबा आता चिडेल. भर किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर त्याचा शब्द तिने खाली पाडला होता. नाखवे गुडघाभर पाण्यात उभे होते. लाट आली, त्यांचा लंगोटा भिजवून गेली. त्यांनी वळून गावाकडे पाहिलं, आपल्या कौलांकडे पाहिलं.

"बरा," ते म्हणाले. "आज सांजच्यालाच सांगतो सगळ्यांना." मग त्यांनी हातातला नारळ फिरवून बघितला. "पण एक सांग मला, बाय. आमचे वाडवडील नारळ देताना दर्याला एकच सांगत आले, बाबा रे, शांत हो. तू तिकडे त्याच्या उशाशी बसल्येस. तूच सांग, या वक्ताला त्याला काय सांगू? शांत हो म्हनू, का आम्ही उठतो, तू ये म्हनू?"

सगळा सुरूपाडा तिच्या उत्तराची वाट बघत उभा होता. गाडीतल्या स्पीकरमधून पुन्हा एकदा टिक् असा आवाज आला.