पुराची रेघ

"गोदे, वर बघ की! नुसतीच काय चाललीस!" मानसिंग ओरडला.

गोदावरी थबकली. भीमाकाठच्या सरकारी जंगलात शेकडो अर्जुनवृक्ष उभे होते. प्रत्येकाच्या बुंध्यावर, तिच्या डोक्याच्याही वर, गाळाची रेघ होती. रेघेखाली खोड मातकट, वर पांढरं. जणू कुणी पट्टी लावून सगळं रान आखलं होतं!

"श्रावणात हितवर पाणी हुतं," मानसिंग म्हणाला. "आपुन आत्ता नदीच्या पोटात हाय!"

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून आत्याकडे आलेली गोदावरी आणि तिचा अबोल भाऊ नारायण पाहतच राहिली. आत्याचा मानसिंग मात्र ऐटीत पुढे निघाला.

काठावर सहा ओंडके पडले होते. प्रत्येकावर एकेक दगड. शेजारी वनरक्षक बसलिंगप्पा डोकं धरून बसलेला.

"दगड कशाला?" गोदावरीनं विचारलं.

"पुरात वाहून आलेल्या लाकडावर जो आधी दगड ठेवील, त्याचं ते. रीतच हाय," मानसिंग म्हणाला.

"अय्यो, हे दगड आबासाहेब ठेकेदाराचे!" बसलिंगप्पा म्हणाला. "मी तापानं पडलो आणि सहा झाडं तुटली. ठेकेदार म्हणतो, ती चोरांनी नेली, हे ओंडके पुराचे. आज साहेब येणार. पुरावा नसला तर माझी नोकरी जाणार, बाळांनो!"

नारायणनं ओंडक्यावरून बोट फिरवलं. मग तो उभ्या झाडाकडे धावत गेला, परत आला आणि गोदावरीच्या कानात कुजबुजला.

"अरे, मग सांग ना!"

"नको. चुकलं तर?"

तेवढ्यात जीप आली. मागोमाग बैलगाड्या घेऊन आबासाहेब.

"भीमामाईनं दिलेलं लाकूड, साहेब! नेऊ का?"

नारायण धीर करून पुढे झाला.

"काका, हे ओंडके उभ्यानं वाहत आले का?"

"खुळा का काय रे पोरा? लाकूड आडवंच वाहतंय!"

"मग गाळ सगळीकडे हवा ना? हा तर बुडापासून इथवरच आहे!"

साहेबांनी ओंडके पाहिले. सहाही ओंडक्यांवर गाळ एका सरळ रेघेशी संपला होता. त्यांनी मान वर केली. समोर सगळ्या रानावर तीच रेघ!

"पूर आला तेव्हा ही झाडं जागेवर उभी होती," साहेब म्हणाले. "आबासाहेब, गाड्या सोडा आणि जीपमध्ये बसा."

"शाब्बास रे, माझ्या राजा!" बसलिंगप्पानं नारायणला उचलूनच घेतलं.

गोदावरीनं मात्र ओंडक्यावरचा एक दगड उचलला आणि सर्वांत थोरल्या उभ्या अर्जुनाच्या मुळाशी ठेवला.

"हे झाड आमचं!"

साहेब हसले. "कायद्यात बसत नाही. पण दगड तिथंच राहू दे!"