उठल्यानंतरची ओळ

मारामारीच्या गेममधली माणसं कशी पडतात, हे लिहिणं माझं काम. उभा, मार लागला, पडला, उठला, अशा ठरलेल्या अवस्था असतात. कितव्या फ्रेमला एकीतून दुसरीत जायचं ते मी लिहिते. सेकंदाला साठ फ्रेम. त्यातली एक जरी चुकली तरी माझा पारा चढतो. आमच्या गेममधला बॉक्सर हुबेहूब माझा दादा आहे, कारण सगळ्या पोझ त्यानंच दिल्या. फुकटात दिल्या, आणि वर दिवसभर माझं डोकं खाल्लं.

सोमवारी तो बॉक्सर ठोसा लागायच्या तीन फ्रेम आधीच पडला. मंगळवारी चाळीस. सगळी स्क्रिप्ट पालथी घातली, चूक सापडेना. बुधवारी सकाळी तर समोर कुणीच नव्हतं, तरी तो कोसळला. साठ फ्रेमनी उठायला हवा होता. मोजणी नऊ हजारांवर गेली, तरी हा आपला आडवाच.

खऱ्या दादाला फोन लावला.

"आज बॉक्सिंगच्या सरावाला जाऊ नकोस. माझ्यासाठी."

"वेड लागलंय का तुला?" तो हसला. "बरं बाई, घरीच बसतो."

घरीच बसला. दुपारी आईचा फोन आला. "पाणी पिता पिता पडला गं! डॉक्टर आलेत, म्हणतात श्वासच नाही!"

मी घरी धावायला हवं होतं. मी कीबोर्ड ओढला. कसलीही अट न घालता एकच ओळ लिहिली: उठ.

पडद्यावरचा बॉक्सर उठला. फोनवर आई किंचाळली, "उठला! अगं, उठून उभा राहिला!" मी ढसाढसा रडले.

त्याला आठवडा झाला. दादा उभाच आहे. श्वास घेतो, खांदे वरखाली होतात, तेवढंच. हाक मारली तर बघत नाही. आई घास भरवते, तो ओठांवरून खाली पडतो. डॉक्टरांनी हात टेकले.

आज सकाळी घरीच काम करताना लक्षात आलं. पडलेल्या बॉक्सरचा ताबा खेळणाऱ्याकडून काढून घेतात. उठल्यावर तो परत द्यायचा असतो. ती ओळ मी घाईत विसरले. शिकाऊ पोरांची चूक!

ओळ घातली. एक कळ दाबून पाहिली.

"अगं, लवकर ये!" शेजारच्या खोलीतून आई ओरडली. "दादा चालायला लागला!"

माझं बोट डावीकडच्या बाणावर होतं. ते मी उचललं.

"थांबला गं," आई म्हणाली.