लाल फळीच्या मागे

फळी आल्यावरही खुर्च्यांची लिफ्ट चौदा मिनिटं रिकामी का फिरवायची, म्हणून आज शेवटच्या पाळीला कोण कुरकुरत होतं? तूच ना रे, ओसाकावाल्या? कानाता नाव ना तुझं? असू दे. पाय दुखत असतील, भूक लागली असेल, त्यात म्हातारा केइझो उगाच वीज जाळतोय असंही वाटलं असेल. बस असा स्टोव्हपाशी. रिन, चहा दे त्याला. आता विषय निघालाच आहे तर सांगतो. पदरचं काही घालत नाही. ज्याच्यावर बेतलं त्याला मी लहानपणापासून ओळखतो.

सहा वर्षांपूर्वीची, तीन फेब्रुवारीची रात्र. त्या रात्री घरोघरी भाजलेले सोयाबीन मारून राक्षस हाकलतात. आपल्या तीन नंबर लिफ्टचा मुख्य तेव्हा मोरिहिसा होता. वय चोपन्न, गुडघा कामातून गेलेला, तोंड फटकळ. वरच्या टोकाचा माणूस तापाने फणफणून साडेसातलाच खाली आला. रात्रीचं स्की आठला बंद होतं, तेवढ्यासाठी दुसरा माणूस कुठून आणायचा? मोरिहिसा म्हणाला, मीच जातो, नाहीतरी सकाळसाठी वरच्या खोपीत रॉकेल न्यायचंच आहे. फोन ऑफिसात चार्जिंगला लावला होता, तो तसाच ठेवून गेला. खिशात सोयाबीनची पुडी आणि राक्षसाचा कागदी मुखवटा होता. घरी चार वर्षांची नात, सुझुहा, वाट बघत होती. आजोबांनी राक्षस व्हायचं आणि तिने दाणे मारून त्यांना बर्फात पळवायचं, असं सकाळीच ठरलं होतं.

फळीची रीत तेव्हाही हीच होती. पाहुणे उतारावरून गेले, की वरचा माणूस खाली जाणाऱ्या खुर्चीला ‘मागे कोणी नाही’ असं लिहिलेली लाल फळी अडकवतो आणि स्वतः स्कीवरून उतरतो. फळी खाली आली की खालचा माणूस लिफ्ट बंद करतो. मोरिहिसा हे पोरांकडून घोकून घ्यायचा. फळी आली, मागे कोणी नाही, विचारत बसायचं नाही. आदल्याच आठवड्यात खालच्या शूतोने फळी आल्यावरही दोन मिनिटं वाट पाहिली, तर मोरिहिसाने सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली. म्हणाला, ‘‘फळीपेक्षा तुला जास्त कळतं का रे?’’ तेव्हापासून ते पोर फळी दिसली की लगेच लिफ्ट बंद करायचं.

आठ वाजून सहा मिनिटांनी मोरिहिसाने वरच्या खोपीतल्या भिंतीवरच्या फोनवरून खाली फोन केला आणि एवढंच म्हणाला, ‘‘निघालो.’’ गुडघ्यामुळे त्याला स्की जमत नव्हतं. मग फळी मांडीवर घेऊन तो खुर्चीतच बसला. बर्फ भुरभुरत होता, वारा नव्हता. खाली हॉटेलांचे दिवे दिसत होते. घरी जाऊन मुखवटा नुसता लावायचा की गुरगुरायचंही, याचा तो विचार करत होता.

नवव्या खांबापाशी तार थांबली.

खुर्ची जरा झुलली आणि स्थिर झाली. ती जागा तुम्ही पाहिली आहे. खाली घळ. चार मजले पोकळी आणि तळाला ओढ्याचे धोंडे. तिथून उडी मारायचा विचारसुद्धा कोणी करणार नाही. होईल चालू, म्हणून मोरिहिसा बसून राहिला. मग उताराचे दिवे विझायला लागले. खालून वर, एकेक करून. शेवटी त्याच्या डोक्यावरचाही विझला.

दिवे विझले म्हणजे शूतो घरी निघाला. शूतो निघाला म्हणजे त्याला फळी मिळाली.

मोरिहिसाने मांडीवर हात फिरवला.

फळी मांडीवरच होती...

तो ओरडला. ‘‘मी आहे... मागे मी आहे...’’ शूतोची छोटी गाडी सुरू झालेली त्याला ऐकू आली. वळणावर गेलेली ऐकू आली. नंतर काही नाही. बर्फात आवाज किती जातो ते तुम्हाला माहीतच आहे. उणे चौदा होतं. घरचे वाट बघतील, दहाला ऑफिसात फोन करतील, ऑफिसात कोणी नसेल. मग त्यांना वाटेल, बसला असेल कुठेतरी पीत. तशी त्याची ख्याती होतीच. सकाळी सातपर्यंत इकडे कोणी फिरकणार नव्हतं. सातपर्यंत माणूस टिकत नाही, हे मोरिहिसाइतकं गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

का ठाऊक, ते आता सांगतो.

त्याच्याही एकतीस वर्षं आधी वरच्या खोपीत तोकुमावशी गरम आमाझाके, म्हणजे तांदळाचं गोड पेय, विकायची. अठ्ठावन्न वर्षांची, हसरी बाई. रोज शेवटच्या खुर्चीतून उतरायची. नऊ जानेवारीच्या संध्याकाळी ती चूल विझली का बघायला परत आत गेली. वरच्या माणसाला वाटलं, ती कधीच उतरली. त्याने फळी लावली आणि निघाला. मावशी फळीच्या मागच्या एका खुर्चीत बसली. खाली तेव्हा मोरिहिसा होता, तेवीस वर्षांचा. फळी आली, त्याने लिफ्ट बंद केली. सकाळी मावशी नवव्या खांबापाशी सापडली, बसल्या जागी. सगळा दोष वरच्या माणसावर आला. तो गाव सोडून नागोयाला कारखान्यात गेला आणि पुन्हा बर्फाकडे फिरकला नाही. ती फळी पंधरा तारखेला, नव्या वर्षाची सजावट जाळतात त्या गावच्या होळीत जाळली. मोरिहिसाने स्वतःच्या हाताने टाकली.

आता नवव्या खांबापाशी मोरिहिसा बसला होता. थंडी पोटापर्यंत गेली होती. त्याने पुडी फोडली. वयाइतके दाणे खायचे असतात, म्हणून मोजून खायला लागला. तेवढंच डोकं जागेवर राहील. एकोणतीस, तीस... एकतिसावा दाणा तोंडात घालताना त्याची नजर बाजूला गेली.

बर्फाच्या अंधूक उजेडात बाजूच्या तारेला वर जाणाऱ्या खुर्च्या दिसत होत्या. सगळ्यांवर बोटभर बर्फ साचला होता.

अगदी शेजारच्या खुर्चीवर नव्हता.

बर्फ पडत होता. त्या खुर्चीवरही पडत होता. पण बसत नव्हता... बसायच्या जागेच्या हातभर वर कुठेतरी अडत होता.

त्याने मूठभर दाणे घेतले आणि मारले. राक्षस बाहेर, म्हणायलाही थांबला नाही. लाकडी खुर्चीवर दाणे वाजायला हवेत. वाजले नाहीत. जाड कापडावर पडावेत तसे पडले. मांडीवर पडावेत तसे.

तो आक्रसला. जाणार कुठे? पुढे तार. मागे तार. खाली घळ. तोंड फिरवलं तर पाठीला कळत होतं की कोणीतरी आहे. तो ओरडत राहिला. मी आहे. मी आहे. दहाच्या सुमारास आवाज बसला. मग नुसती वाफ निघायला लागली.

आणि तेव्हा त्याने मान वळवली. ओठ हलवून म्हणाला,

‘‘मावशी... मी ऐकलं होतं.’’

त्याने पुन्हा ओठ हलवले.

‘‘मोटर बंद केल्यावर तुम्ही हाक मारली. मी आहे, म्हणालात. मला मित्रांकडे जायचं होतं. कोल्हा असेल, असं मनाला सांगितलं... आणि गेलो.’’

बर्फ पडत होता.

मग शेजारून हाक आली. त्याच्याकडे नव्हे, खाली दरीकडे तोंड करून. मोठ्याने. ‘‘मी आहे...’’

त्या रात्री दोन नंबरच्या उतारावर बर्फ सारखा करायचं यंत्र मी चालवत होतो. हो, मीच. काचा बंद, आत इंजिनाची घरघर. त्यात कानावर काही पडायला नको. पण पडलं. बाईचा आवाज होता. इंजिन बंद केलं, तर पुन्हा आला. तीन नंबरकडे उजेड टाकत वर गेलो. पावणेबारा झाले होते. उजेडात मोरिहिसा दिसला, पांढरा झालेला, तोंड उघडं आणि आवाज नाही. रेडिओवरून सगळ्यांना उठवलं. शूतो रडतच आला आणि त्याने लिफ्ट सुरू केली. मोरिहिसाची खुर्ची खाली निघाली, तशी शेजारची वर निघाली. अंधारात जाईपर्यंत तो तिच्याकडे बघत होता.

घोंगडीत गुंडाळल्यावर, आवाज फुटल्यावर, तो पहिलं वाक्य मला म्हणाला. ‘‘केइझो, तुझ्या दादाची काही चूक नव्हती.’’ वरचा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, इसामु. एकतीस वर्षं मी मोरिहिसाबरोबर जेवत होतो, पीत होतो. मला त्या क्षणी त्याला पुन्हा वर नेऊन टांगावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सकाळी तो स्वतः पोलिसांकडे गेला. दादाला पत्र लिहिलं. दादा त्या उन्हाळ्यात घरी आला. आईच्या थडग्यावर पाणी घालताना लहान मुलासारखा रडला.

तेव्हापासून फळी आल्यावर एक पुरता फेरा फिरवायचा. चौदा मिनिटं. कोण मागे आहे ते डोळ्यांनी बघायचं, कानांनी ऐकायचं. उद्या तू खाली आहेस, कानाता. कुरकुर करायची तर कर, पण फिरव.

शूतोला कुठली फळी मिळाली, ते राहिलंच. त्याने ती रोजच्यासारखी खिळ्याला अडकवली होती. आम्ही दिवा लावून बघितली. जुनं लाकूड. अक्षर मोरिहिसाचं, तेवीस वर्षांच्या मोरिहिसाचं. कोपऱ्यात त्याच्या सिगारेटचा डाग. होळीत जाळलेली तीच फळी.

ती इथेच आहे. स्टोव्हच्या मागे, त्या फडक्याखाली. रिन, तू जवळ बसली आहेस, फडकं जरा बाजूला कर...

नको? बरं, मी करतो.

ही बघा. वरच्या कडेला बोटभर बर्फ आहे. सहा वर्षं स्टोव्हच्या उबेत आहे. अजून वितळला नाही.