साळूबाईनंतरचं नाव

ओला दोरा, शेवंतीचा हार. एका सोमवारी खंडेरावांनी तो स्वतः गुंफला. कुणाला हात लावू दिला नाही.

गंगेवर, गोदेच्या घाटावर, कावळ्याची वाट पाहत ताटकळलेली माणसं.

कीबोर्ड पुसला की आपलं नाव टाइप करून बघायचं, ही एका दुकानातली रीत.

त्याच दुकानातला पंखा. वारा कमी, कुरकुर जास्त.

२००४ साली पंचवटीत त्या पंख्याखाली बसून स्नेहल दशक्रियेची कार्डं टाइप करायची. नवी फाइल कुणीच काढत नसे. कालचं कार्ड उघडायचं, आधी तारीख बदलायची, मग गेलेल्या माणसाचं नाव. टाइप करायचा एडिटर दुकानाच्या मालकानं, महेशनं, स्वतः लिहिलेला. त्याची त्याला भारी मिजास. कॉम्प्युटर बंद केला तरी तो एडिटर खोडलेलं विसरत नसे. 'मागे' दाबलं की जुनं परत येई, 'पुढे' दाबलं की नवं.

"मागे गेलीस की मधेच थांबून काही टाइप करू नकोस हं," महेश बजावायचा. "त्याच्या पुढचं सगळं जातं. कायमचं."

त्या दुपारी तिचा जीव फोनमध्ये अडकला होता. मखमलाबादच्या मळ्यात तिचे वडील, खंडेराव, विहिरीच्या पायरीवरून पडले होते. अजून शुद्धीवर नव्हते. दवाखान्यात उशाशी धाकटी बहीण, मनीषा, होती.

तेवढ्यात देवळ्याचा बुधा आला. "ताई, आमच्या भागीबाईची कार्डं कमी पडली. म्हातारीनं भांडून भांडून लय माणसं जोडली व्हती!"

स्नेहल 'मागे' दाबत गेली. साळूबाई, कलाबाई, भागीबाई. जुनी नावं पाण्यातून वर यावीत तशी अलगद येत होती. कार्डं घेऊन बुधा गेला आणि ती 'पुढे' दाबत परतली. कलाबाई. साळूबाई. हे कालचं, शेवटचं कार्ड. बटण इथं थांबायला हवं होतं.

बोट सवयीनं पुन्हा पडलं. नाव साळूबाईचंच राहिलं. खाली कुठलासा सोमवार आला. आपणच कधीतरी बदलला असेल.

तिनं पुन्हा दाबलं.

कै. खंडेराव. खाली मळ्याचा पत्ता.

"महेशदादा, हे तुम्ही टाइप केलंत?"

"काय गं?" तो पाठमोरा लग्नपत्रिका कापत होता. "साळूबाईनंतर कुणाचं आलंय कुठं अजून?"

पंखा कुरकुरत होता. बाहेरून ओल्या फुलांचा वास आला.

तिनं एकदाच 'मागे' दाबलं.

साळूबाई.

आता काहीतरी नवं. काहीही. तिनं साळूबाईचं नाव खोडलं.

बोटं आपोआप चालली.

स्नेहल.

तिनं 'पुढे' दाबलं. काही हललं नाही.

पुन्हा दाबलं. नाही.

फोन वाजला.

"ताई, बाबांनी डोळे उघडले!" मनीषा रडत होती की हसत होती, कळेना. "उठल्या उठल्या विचारतायत, शेवंतीला पाणी कोण देतंय!"

"सांग त्यांना, मी देते."

"पेढे काढ आता," महेश म्हणाला.

"उद्या आणते, दादा." डोळे पुसत तिनं कॉम्प्युटर बंद केला. सेव्ह करायची गरज नसायची. एडिटर सगळं लक्षात ठेवायचा.

नाव टाकताना तिनं कार्डावरचा सोमवार बदलला नव्हता.