लाल चिंधी

खिडकीत अचानक एक माणूस उगवला, तोही पहिल्या मजल्यावर! चारुशीलेच्या हातून पेशंटचा केसपेपर खाली पडला.

बहात्तर सालचा उन्हाळा. धंतोलीत ती केसपेपर लिहायची, त्या दवाखान्याला बाहेरून रंग द्यायचा होता. बांबूची परांची बांधायचं काम मधुसूदनकडे होतं. रोज सकाळी रंगारी चढण्याआधी तो स्वतः प्रत्येक फळीवर उभा राहून उड्या मारी. आणि नेमका तिच्या खिडकीशी आला की... जरा जास्तच.

"इथंच इतक्या उड्या कशाला?" तिनं एकदा दटावलं.

"फळी तपासून राहिलो, बाई."

"फळी पायाखाली असते. तुम्ही बघता आत!"

"फळीचं पायाले समजते. डोळे रिकामेच असतात."

तिनं खाडकन खिडकी लावली. गोड बोलणाऱ्यांचा भरवसा नाही — आणि तरी दुसऱ्या दिवशी केसात मोगरा कसा आला, कोण जाणे.

एका संध्याकाळी खिडकीसमोरच्या बांबूला लाल चिंधी बांधलेली दिसली. बाकी कुठेच नाही, फक्त इथं! ही खूण कुणासाठी? दवाखान्यात येणारे-जाणारे काय म्हणतील? तिनं हात बाहेर काढला, चिंधी सोडली, आणि... फेकली मात्र नाही. टेबलाच्या खणात ठेवली.

सकाळी म्हातारा रंगारी लहानू बादली घेऊन चढत होता. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "लहानूकाका, हे लोक लाल चिंधी कशाला बांधतात हो?"

"फळी चिरली असन तं बांधते. चिंधी दिसली का तिथं पाय नाही ठेवाचा," म्हणत लहानूनं तिच्या खिडकीसमोरच्या फळीकडे पाय उचलला.

"काका, थांबा!"

पाय हवेतच थबकला. बादली मात्र सुटली, फळीवर आदळली, आणि फळी मधोमध मोडून बादलीसकट खाली गेली.

नवी फळी सायकलला बांधून मधुसूदन तेवढ्यात फाटकात शिरला होता. तो धावत वर आला. चेहरा पांढराफटक. "लहानू, चिंधी काहून सोडली गा? घाई होती तं दुसरीकडं रंगवाचं! उद्यापासून माझ्या परांचीवर चढू नको."

लहानू बांबूला मिठी मारून होता. चारुशीलेनं खण उघडून चिंधी पुढे धरली.

"त्यांनी नाही. मी सोडली."

"तुम्ही? काहून?"

"मला वाटलं... माझ्यासाठी बांधलीय."

त्यानं तिच्या हातातली चिंधी घेतली. मग हळूच म्हणाला, "तुमच्यासाठी असती तं लाल नसती बांधली."

रंग संपला. परांची उतरली. एक बांबू तेवढा तिच्या खिडकीशी उभाच राहिला, त्यावर हिरवी चिंधी. खाली मधुसूदन मान वर करून उभा.

तिचा संशय काही जाईना. "आधी स्वतः तपासलं का? घरी?"

"आईसमोर काल उभा राहिलो, तुमचं नाव घेऊन."

"मग?"

"फळी हलली... पण मोडली नाही."

चारुशीलेनं हात बाहेर काढला. गाठ ओढून पाहिली. पुन्हा एकदा ओढून पाहिली.

सोडली नाही.