निष्ठामापक

"पट्टी कपाळावर नीट बसू द्या, तांडेलबाई. डोळे समोर," डॉ. मार्शल घोन्साल्विस म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली.

समोरच्या पडद्यावर डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ एक चेहरा झळकला. खुर्चीच्या पाठीवरचा दिवा लालभडक पेटला. ज्याचा तो चेहरा होता, तो माणूस मागेच उभा होता. तो मोठ्याने हसला.

"पाहिलंत? बाई माझा मनापासून द्वेष करतात. म्हणून तर हे काम मी त्यांना दिलं. माझी खुशामत न करणारा दुसरा माणूस या शहरात मला सापडला नाही."

त्याचं नाव विक्रांत सारंग. कोकण किनाऱ्यापासून दूर समुद्रात बांधलेल्या 'अर्णव' या तरंगत्या शहराचा तो रक्षक होता. निदान त्याने स्वतःला घेतलेली पदवी तरी तीच होती. नऊ वर्षांपूर्वी वादळात शहराची उत्तरेकडची तटबंदी फुटली, तेव्हा दुरुस्तीपुरते म्हणून त्याने तीन महिन्यांसाठी सर्वाधिकार घेतले. त्यानंतर अर्णवमध्ये निवडणूक झाली नाही.

आणि हे सगळं तो शिकला होता डॉ. यामिनी तांडेल यांच्या वर्गात. राज्यशास्त्राच्या त्या प्राध्यापिका. चालती-बोलती लोकशाही कायद्याच्याच पायऱ्यांनी हुकूमशाहीपर्यंत कशी उतरते, यावर त्यांनी वीस वर्षं संशोधन केलं होतं. रोग वेळेवर ओळखता यावा म्हणून त्यांनी लक्षणं लिहिली. पुढच्या बाकावर बसणाऱ्या सारंगने ती नुसखा म्हणून उतरवून घेतली. आधी निवडणूक मंडळ, मग न्यायालय, मग वृत्तसंस्था. क्रमसुद्धा त्याने बदलला नाही.

यामिनीबाईंचे यजमान भालचंद्र हे गोड्या पाण्याच्या प्रकल्पावर अभियंता होते. 'निवडणुका घ्या' एवढ्याच मागणीचं एक उघडं पत्र त्यांनी सहीनिशी प्रसिद्ध केलं. दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. त्यांना मधुमेह होता. तुरुंगात त्यांचं इन्सुलिन बंद करण्यात आलं आणि नवव्या दिवशी ते गेले. औषध थांबवण्याच्या हुकमावर सही होती गृहसचिव मुकुंद चोणकर यांची. हे चोणकर दर आषाढात यामिनीबाईंच्या हातची अळूवडी खायला हटकून येत असत.

त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत यामिनीबाई रडल्या नाहीत. त्यांना फक्त एक संधी हवी होती, आणि ती सारंगने स्वतः बोलावून दिली.

"बाई, मी सभेत गेलो की सगळे उठून टाळ्या वाजवतात," पहिल्या भेटीत तो म्हणाला होता. "त्यातल्या खऱ्या कोणाच्या, हे मला कळत नाही."

"कळणारही नाही. घाबरलेला माणूस खरं बोलत नाही. तुम्ही जितकी भीती वाढवाल, तितकं तुम्हाला कमी कळेल. प्रत्येक हुकूमशहा याच अडचणीत सापडतो."

"यंत्राने कळेल?"

उत्तर घोन्साल्विस यांनी दिलं होतं. ते मेंदूतज्ज्ञ होते, मूळचे वसईचे. "भीती आणि आपुलकी यांचे मेंदूतले ठसे वेगवेगळे असतात. ओळखीचा चेहरा दिसला की विचार जागा होण्याआधीच हे ठसे उमटतात. माणूस ओठांवर हसू आणू शकतो, पण त्या क्षणभरात मेंदूला खोटं बोलायला सवडच मिळत नाही. आपुलकी असली तर दिवा हिरवा, नसली तर लाल."

अकरा महिन्यांत निष्ठामापक तयार झाला. सारंग मूर्ख नव्हता. त्याने यंत्र आपल्या आईवर तपासलं, दिवा हिरवा लागला. वीस कैद्यांवर तपासलं, वीसही लाल. यामिनीबाईंवरची चाचणी शेवटची. आता त्याला यंत्राबद्दल तिळमात्र शंका उरली नाही.

"अधिकाऱ्यांना एकेक करून बसवलं, तर पहिल्या दिवशीच बोभाटा होईल," तो म्हणाला. "उरलेले पळून जातील. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच सभागृहात मोजायचं. पहारेकऱ्यांनाही. प्रत्येक खुर्चीवर दिवा हवा, म्हणजे लाल दिसला की तिथल्या तिथे उचलता येईल. किती निघतील, बाई? वीस? तीस?"

"मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. म्हणून तर यंत्र केलं."

तो गेल्यावर घोन्साल्विस यांनी दार लावून घेतलं. "बाई, खरं सांगा. तुमच्या मनात काय आहे?"

"मार्शल, भीतीमुळे रक्षकाला अधिकाऱ्याचं मन दिसत नाही, एवढंच मी त्याला सांगितलं. पण अधिकाऱ्याला तरी शेजारच्या खुर्चीवरच्याचं मन कुठे दिसतं? प्रत्येकाला वाटतं, इतके सगळे मनापासून टाळ्या वाजवतायत, विरोधात मी एकटाच. त्याची सत्ता त्या एकटेपणावर उभी आहे. बंदुका नंतर येतात."

घोन्साल्विस यांचा चेहरा उतरला. "हे त्याला सांगितलंत?"

"त्याने विचारलं नाही."

स्थापनादिनाच्या सकाळी सभागृहात तीनशे बारा माणसं कपाळाला पट्ट्या लावून हजर होती. त्यांत खातेप्रमुख होते, आरमाराचे अधिकारी होते, दारांवर उभे चाळीस पहारेकरीही होते. पहारेकऱ्यांचे दिवे खांद्यावर होते. व्यासपीठावरून सारंगने शांतपणे सगळं समजावून सांगितलं. कोणी उठण्याआधीच पडद्यावर त्याचा चेहरा झळकला.

सभागृह लाल झालं.

पहिल्यांदा प्रत्येकाने आपलाच दिवा पाहिला आणि मान खाली घातली. मग एकाने हळूच शेजारी पाहिलं. दुसऱ्याने मागे वळून पाहिलं. माना वर होऊ लागल्या. हिरवे दिवे फक्त चार होते.

"पकडा!" सारंग ओरडला.

दाराशी उभा असलेला पहारेकऱ्यांचा नायक जागचा हलला नाही. त्याच्या खांद्यावर लाल दिवा जळत होता. त्याने सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली.

"कोणाला, साहेब?" त्याने विचारलं.

कोणीतरी हसलं. नऊ वर्षांत त्या सभागृहात रक्षकासमोर असं कोणी हसलं नव्हतं. मग आरमारप्रमुख उठले आणि सावकाश व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागले. सारंगने पहिल्या रांगेत बसलेल्या यामिनीबाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर हटवली नाही. त्याच्या हातांत बेड्या पडेपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. प्रत्येक क्षण त्यांना हवा होता.

त्याच आठवड्यात मुकुंद चोणकर त्यांच्या घरी आले.

"यामिनी, तू पाहिलंस ना? माझा दिवा लाल होता. मी पहिल्या दिवसापासून त्याच्या विरोधात होतो, पण करणार काय? आता लोक नको नको ते बोलतायत. तू यंत्राची जाणकार. एक प्रमाणपत्र दे."

"आधी तुझा अर्ज दे. हे सगळं त्यात लिही. पहिल्या दिवसापासून, हेही."

चोणकरांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. यामिनीबाईंनी प्रमाणपत्रावर सही केली आणि त्यांना चहाही दिला. पुढच्या काही दिवसांत अशी दोनशे नव्वद प्रमाणपत्रं गेली.

दोन महिन्यांनी निवडणूक झाली. नव्या विधानसभेने हुकूमशाहीच्या काळातल्या गुन्ह्यांसाठी कायद्याचा मसुदा करायला एका तज्ज्ञाला सांगितलं. दुसरं नाव सुचणारच नव्हतं. यामिनीबाईंनी मसुदा दिला, तो बहुमताने मंजूर झाला. त्यात मुख्य कलम एकच होतं. रक्षकावर खरोखर विश्वास ठेवून, हुकूम योग्य समजून ज्याने त्यावर सही केली, त्याला माफी. अन्याय आहे हे जाणून ज्याने सही केली, त्याला जन्मठेप.

घोन्साल्विस तडक त्यांच्याकडे आले. "अहो बाई, ते चार निष्ठावंत सुटणार आणि त्याचे विरोधक तुरुंगात जाणार!"

"विरोधक कोण, मार्शल? मनात लाल दिवा जळत असताना ज्यांनी हात सहीसाठी पुढे केला, ते? त्या चौघांना समजत नव्हतं. बाकीच्यांना समजत होतं."

"आणि तुम्हाला हे आधीपासून..."

"यंत्राची पहिली आकृती काढली तेव्हापासून. सारंग एकटा काय करू शकला असता?"

चोणकरांच्या खटल्यात फार वेळ लागला नाही. त्यांच्याच वकिलाने तो अर्ज आणि प्रमाणपत्र कायदा येण्याआधी दाखल करून ठेवलं होतं. न्यायाधीशांनी दोन्ही कागद वाचले आणि एवढंच विचारलं, "म्हणजे औषध थांबवताना ते चूक आहे, हे तुम्हाला माहीत होतं?" चोणकरांना हो म्हणता येईना, आणि नाही म्हणायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती.

निकालानंतर त्यांना घेऊन जात असताना ते यामिनीबाईंपाशी थबकले. डोळ्यांत पाणी होतं.

"मी घाबरलो होतो गं, यामिनी. इतकंच."

"भालचंद्रही घाबरला होता," त्या म्हणाल्या. "पत्रावर सही करताना त्याचा हात इतका थरथरत होता, की मला कागद धरून ठेवावा लागला."