कर्नल धैर्यवानांचा अर्ज

विषय : कै. कर्नल देवदत्त धैर्यवान (निवृत्त), दंतवैद्य, खोली क्र. ७, यांच्या निधनाबद्दल शोकप्रस्ताव.

संदर्भ : १) निनावी तक्रार. २) कै. धैर्यवान यांचा त्यावरील अर्ज.

एवढं लिहून कमलाकांत वेलकर थांबले आणि त्यांनी ‘संदर्भ’ खोडून टाकला. शोकप्रस्तावाला संदर्भ नसतो, हे चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

“अहो, तीन दिवस झाले,” आतून उर्मिलाबाई म्हणाल्या. “माणूस गेलाय, टेंडर नाही काढायचंय.”

गिरगावातल्या त्या बिल्डिंगचे वेलकर मानद सचिव. धैर्यवान त्यांच्या खालच्याच मजल्यावर. जन्मभर जवानांचे दात काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी खिडकीपाशी एक जुनी लोखंडी खुर्ची मांडली होती आणि बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांचे, पोरांचे दात ते तिथे बघत, कुणाकडून काही न घेता. त्यात जादूचा नाद. तुम्ही त्यांच्या डाव्या हातातल्या रुमालाकडे बघत बसायचं, तोवर उजव्या हातात तुमची दाढ आलेली असायची. पोरं रडायची ती खुर्चीवरून उतरवलं म्हणून.

एका गणेशोत्सवात धैर्यवानांनी वेलकरांना स्टेजवर बोलावलं आणि त्यांच्या तोंडातून रंगीत पताकांची माळ काढली. हातभर, दोन हात, दहा हात. अख्खी बिल्डिंग हसली. उर्मिलाबाई तर पदराने डोळे पुसत हसल्या. वेलकरही हसले, घरी आले आणि दार लावून, अक्षर बदलून त्यांनी सोसायटीला निनावी तक्रार लिहिली : राहत्या जागेत दवाखाना चालतो, सबब कारवाई व्हावी. दुसऱ्या दिवशी सचिव या नात्याने ती स्वतःच स्वीकारली, आवक क्रमांक दिला आणि धैर्यवानांना प्रतीसह नोटीस बजावली. सगळं नियमात होतं.

चूक एकच झाली. सचिव म्हणून प्रत्येक पत्राखाली लिहायच्या सवयीने तक्रारीच्या तळाशीही त्यांनी लिहिलं होतं : ‘सोबत : निरंक’, म्हणजे सोबत काही जोडलेलं नाही.

खुर्चीवर चादर पडली. धैर्यवानांनी फक्त एक अर्ज दिला : तक्रारदाराने एकदा माझ्यासमोर येऊन बोलावे, मग खुर्ची मी स्वतः भंगारात देईन. वेलकरांनी त्यावर ‘विचाराधीन’ लिहिलं आणि फाईल बांधली. ती तीन वर्षं सुटली नाही.

मधल्या काळात वेलकरांचे उरलेसुरले दात गेले. कवळीसाठी धैर्यवानांनीच निरोप पाठवला. “पेशंट म्हणून नको, शेजारी म्हणून या.” स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून त्यांनी माप घेतलं. सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास होता. वेलकरांचं तोंड मापाच्या गुलाबी लगद्याने गच्च भरलं, तेव्हा धैर्यवान हळूच म्हणाले, “निनावी माणूस ‘निरंक’ लिहितो का हो, वेलकर?... नाही, आत्ता नका बोलू. घाई नाही.”

कवळी झकास बसली. पुढे जिन्यात भेटले की धैर्यवान विचारायचे, “काही टोचतंय?” वेलकर म्हणायचे, “छे, छे.” आणि एका सकाळी धैर्यवान गेले.

रविवारी पाच वाजता चौकात शोकसभा भरली. गणवेशातला फोटो, चंदनाचा हार, शेजारी दादरहून आलेली मुलगी अनुजा. ऊन अजून भिंतीवर होतं. सात नंबरला कुलूप होतं, पण खिडकीतून चादर घातलेली खुर्ची दिसत होती. प्रस्तावाच्या शेवटी वेलकरांनी एक ओळ लिहिली होती : ‘तक्रार मी केली होती.’ ती तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिली होती.

ते वाचत वाचत शेवटाजवळ आले. “कर्नलसाहेबांचा सेवाभाव आपण सर्वांनी जपला...”

तोंडात लवंगेचं तेल पसरलं.

सात नंबरमधून खट्... असा आवाज आला. कुणीतरी पायाने दाबून खुर्ची वर घेतल्यासारखा. पुन्हा खट्... कुणीही मान वळवली नाही. वेलकरांच्या कवळीखाली, टाळूशी, काहीतरी मऊ उलगडू लागलं. जिभेला कागदाचं टोक लागलं. मग दुसरं. दोन्ही एका दोऱ्यात ओवलेली.

पुढची ओळ तीच होती. ती वाचायला तोंड उघडावं लागणार होतं, आणि उघडलं तर सगळ्यांसमोर...

वेलकरांनी ओठ घट्ट मिटले आणि ते खाली बसले.

“गहिवरले हो,” कुणीतरी म्हणालं. तिसऱ्या मजल्यावरच्या राजेशने पाणी आणलं. ते त्यांनी हातानेच नाकारलं. अनुजा जवळ येऊन वाकली. “काका, बाबा शेवटी शेवटी म्हणत होते... वेलकरांना काहीतरी बोलायचंय, त्यांना घाई करू नकोस.” आणि तिने त्यांना वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराइतकी शरम त्यांना आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

घरी येऊन त्यांनी मोरीचं दार लावलं, कवळी काढली आणि दोरा ओढला. लाल, पिवळी, हिरवी पताका. प्रत्येकीवर त्यांचंच वळणदार अक्षर : ‘स्मरणपत्र क्र. १. उपरोक्त अर्जावरील कार्यवाही कळवावी. सोबत : निरंक.’ मग दुसरं, तिसरं. तेविसाव्याला हात भरून आला, दोरा ताणला गेला. तेव्हा आतून कुणीतरी तो हलकेच, समजूतदारपणे, थोडा सैल सोडला.

“अहो,” उर्मिलाबाईंनी दारावर थाप मारली. “बरं वाटत नाहीये का? काय होतंय, सांगा तरी.”

सांगता आलं असतं. चौकात माणसं होती; इथे फक्त एक दार होतं.

वेलकरांनी नखं कापायच्या कात्रीने दोरा तोडला. उरलेलं टोक आपोआप आत गेलं.

“काही नाही,” ते म्हणाले.

शोकप्रस्ताव एकमताने संमत झाला. आवक वहीत तेवीस स्मरणपत्रांची नोंद सचिवांच्या अक्षरात सापडते. ती केल्याचं सचिवांना आठवत नाही. चोविसावा क्रमांक घालून पुढची ओळ कोरी सोडलेली आहे. खोली क्र. ७ कुलूपबंद आहे. आतल्या खुर्चीवरची चादर काढून, घडी करून खिडकीत ठेवलेली दिसते.

कै. धैर्यवान यांचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.